पपईची पानं पाठवत नाही

आंजर्ले,
अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार

चि. सुजाता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, इथली रेंजही येत-जात होती, म्हणून लिहून धाडते. शेजारचा दिनू उद्या पहाटेच्या एस.टी.ने डोंबिवलीला येतोय. त्याच्याकडे ही चिठ्ठी, आठ शहाळी आणि थोडे उकडे तांदूळ देतेय. अनिकेतच्या डेंग्यूसाठी तू मागितलेली पपईची पानं मात्र त्यात नाहीत. रागावू नकोस.

पहिलं कारण साधं आहे. परड्यातल्या पाच पपयांपैकी तीन उरल्यात, आणि त्या तिन्हींवर बाबांनी गुरुवारी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीवरचं औषध, मारलाय. पानांवर मोरचुदाचे निळसर डाग अजून दिसतात. तापाने आधीच मळमळणाऱ्या माणसाच्या पोटात मी ते घालणार नाही.

दोन गेल्या, त्यातली एक आमच्याच मूर्खपणाने. पाण्याजवळ असू दे म्हणून बाबांनी ती पडवीच्या पागोळ्यांखाली लावली होती. पपईला पाणी हवं, पण पायाशी तुंबलेलं चालत नाही. एक-दोन दिवस साठलं तरी मुळं गुदमरतात आणि जमिनीतली बुरशी आत शिरते. जुलैत खालची पानं पिवळी पडली. मी म्हटलं, उपाशी आहे बिचारी, आणि दोन घमेली शेणखत बुंध्याशी लोटलं. म्हणजे ओल आणखी धरून ठेवली! श्रावणात एका रात्री वारा सुटला आणि झाड फळांसकट आडवं. जमिनीलगतची साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती, बोट सहज आत गेलं. रोग पायात आणि मी बघत होते पानाकडे. आता बाबांनी चर खणून पाणी गडग्यापलीकडे काढलंय.

दुसरी वरून बिघडली. नवी पानं आखूड, चिमटलेली, हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची. देठांवर तेल ओघळल्यासारख्या रेघा, फळांवर बांगडीचे ठसे उमटावेत तशी कडी. हा विषाणू. मावा तो आणतो, पण गंमत अशी की मावा पपईवर बिऱ्हाड करत नाही. येता-जाता सोंड टोचून चव घेतो आणि उडतो, तेवढ्या क्षणात काम झालेलं असतं. म्हणून फवारणीने मावा मेला तरी झाड वाचत नाही. शेजारीच आपला काकडीचा मांडव, तिलाही हा रोग लागतो. बाबा तोडायला तयार नव्हते, चौदा फळं होती ना! पाच दिवस घरात वाद. शेवटी कोयती मीच घेतली. फळं खाल्ली आम्ही. माणसाला त्या विषाणूचं काही होत नाही, पण गोडी अजिबात नव्हती. हवाई बेटांवर १९९२ साली हा रोग पपईच्या मुख्य पट्ट्यात शिरला, तेव्हा त्यांनी जनुक बदललेलं वाण काढलं आणि १९९८ मध्ये ते लागवडीला आलं. आपल्याकडे कोयतीच.

पिठ्या ढेकणाची गोष्ट मला त्याहून आवडते. परदेशातून आलेला हा कीटक २००८ मध्ये कोइमतूरकडे सापडला, पपईवर कापूस पिंजून टाकल्यासारखा. औषधांना तो दाद देईना. मग २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून एक इवलीशी गांधीलमाशी आणून सोडली. ती त्याच्या अंगात अंडी घालते, आणि तिच्या पिल्लांनी त्याला आतून संपवलं.

खरी काळजी आहे ती विहिरीकाठच्या हापूस कलमाची. दोन फांद्या शेंड्याकडून सुकत खाली येतायत, पानं करपून तशीच लटकलीत, सालीतून डिंक गळतोय. फांदीमर. पपई पायाकडून गेली, हे टोकाकडून चाललंय, म्हणून उपायही उलटा. पाऊस उघडला की सुकलेल्या भागाखाली हिरवं लाकूड लागेल तिथून चार बोटं आणखी खाली येऊन कापायचं, कापलेलं जाळायचं आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मागे बाबांनी हे मिश्रण लोखंडी पिंपात केलं आणि पिंपाची चाळण झाली, आठवतं? आता प्लास्टिकचं पिंप आहे. कोयतीचं पातं त्यात बुडवून बघतात, तांबूस चढलं की चुना कमी पडला. शेंड्याकडून मरणं पपईलाही असतं बरं का, पण ते ऑस्ट्रेलियात. तिथे शेंडा पिवळा पडला की काही आठवड्यांत झाड जातं.

आता अनिकेतचं. उपकेंद्रात तीस वर्षं नर्स म्हणून काढली मी, म्हणून बोलते. पपईच्या पानांच्या अर्काने प्लेटलेट वाढल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय, नाही असं नाही. पण ताप उतरल्यावर त्या बहुतेकांच्या आपोआपच वर येतात, आणि डेंग्यूत जिवावर बेततं ते निव्वळ त्या आकड्याने नव्हे. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, आणि तेही ताप उतरायच्या सुमारास, जेव्हा घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून पडणं, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्री दोन वाजताही दवाखान्यात ने. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी कुणी ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन सुचवलं तर देऊ नकोस. आणि त्या कडू रसाने त्याला आणखी ओकारी झाली, तर पोटात गेलेलं पाणीही बाहेर. तू रोज सकाळी आकडा कळवतेस, मला त्याबरोबर लघवी किती वेळा झाली तेही कळव.

पपई निरुपयोगी म्हणत नाही मी. मटण शिजायला कच्च्या पपईच्या दोन फोडी पुरतात, त्या चिकातलं पेपेन मांसाचे धागे सोडवतं. पण तोच चीक तुझ्या आजीने गजकर्णावर लावला आणि मनगटावर भाजल्यासारखा डाग घेऊन जन्मभर हिंडली. आणि तुझं तू सांभाळ. तिसरा महिना आहे, कच्ची पपई, तिची कोशिंबीरसुद्धा नको. त्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं, ही नुसती म्हाताऱ्यांची भीती नाही.

शहाळी फ्रीजमध्ये ठेव, फोडलेलं लगेच संपव. तांदळाची पेज पातळ कर, मीठ घालून, आणि घोट घोट दे. त्याला तूप नको म्हणावं.

बाबा कलमाखाली उभे आहेत, अजून कापायचं मन होत नाहीये. मी कोयती घासून ठेवलीय.

तुझी,
आई