शेऱ्याचा रकाना

कोव्हेंट्री, इंग्लंड, १८ जानेवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो, तरी पत्र लिहायला बसले. दिवाळीत बाबांनी विचारलं होतं, "माणसाच्या वागण्याचं गणित मांडता येतं का गं?" मी घाईत "येतं" म्हणाले, मागून आईने "जेवलीस का" विचारलं आणि विषय तिथेच राहिला. एवढं कर्ज काढलंय, त्यावर बाबांची जामीन म्हणून सही आहे. मुलगी नेमकं काय शिकते ते तुम्हाला नीट कळायला हवं.

विद्यापीठाचं नाव वॉरिक, पण ते आहे कोव्हेंट्री शहराच्या कडेला. अभ्यासक्रम बिहेव्हियरल अँड डेटा सायन्सचा, एका वर्षाची एमएससी. माणूस निर्णय कसा घेतो, टाळतो कसा, विसरतो कसा, हे मानसशास्त्रातून शिकायचं. मग तशाच हजारो निर्णयांच्या नोंदी संगणकावर घेऊन आपण म्हणतो ते खरं आहे का हे तपासायचं. हा दुसरा भाग मला जड जातो, पण आता हात बसायला लागलाय.

एक उदाहरण सांगते, आईला लगेच पटेल. लंडनच्या काही सरकारी रुग्णालयांत लोक तपासणीची वेळ घेऊन ठेवायचे आणि यायचेच नाहीत. आठवणीचा मेसेज जात होताच. तिथल्या संशोधकांनी फक्त त्याचे शब्द बदलून पाहिले. कोणाला कोणता मेसेज जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे फरक दिसला तर तो शब्दांमुळेच. "तुम्ही आला नाहीत तर आरोग्यसेवेचे सुमारे १६० पौंड वाया जातात" असं लिहिल्यावर न येणाऱ्यांचं प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ८.४ वर आलं. हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला.

वर्गात हे वाचताना मला पाटोद्याकडचा तांडा आठवत होता. आई, लसीकरणाच्या आदल्या संध्याकाळी तू घरोघर जायचीस आणि बॅटरी धरायला मी तुझ्या मागे. "उद्या लस आहे, पोराचं कार्ड घेऊन या." कोणत्या घरी आईशी बोलायचं आणि कोणत्या घरी आधी सासूशी, हे तुला ठाऊक होतं. मी चौथीत होते. मला वाटायचं, आई गप्पा मारत हिंडते.

दुसरा अभ्यास राजस्थानातला, उदयपूर जिल्ह्यातला. सेवा मंदिर या संस्थेबरोबर ज्यांनी तो केला त्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. १३४ गावं घेतली. जिथे वेगळं काहीच केलं नाही तिथे सगळ्या लसी पुऱ्या झालेली मुलं ६ टक्के. जिथे ठरलेल्या दिवशी हमखास शिबिर भरलं तिथे १८ टक्के. आणि जिथे शिबिराबरोबर प्रत्येक लसीला एक किलो डाळ, सगळ्या लसी झाल्यावर ताटांचा संच दिला, तिथे ३९ टक्के. डाळ वाटूनही एका लसीमागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला, कारण सिस्टर दिवसभर बसणारच असते, दहा पोरं येवोत की तीस. आई, हे वाचून तुला हसू येईल. तुमच्या मासिक बैठकीत तू काय काय मागायचीस ते मला आठवतं.

पण मी त्या ३९ पाशी थांबले. डाळ मिळत असूनही शंभरातली एकसष्ट राहिलीच. ती का राहिली?

इथे आम्हाला 'मिसिंग डेटा' म्हणून एक भाग आहे, म्हणजे नोंदीतल्या रिकाम्या जागा. सगळ्यात सोपं काय, तर रिकाम्या ओळी काढून टाकायच्या आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. सर म्हणाले, आधी विचारा की ती जागा रिकामी का राहिली. मला एकदम तुझं रजिस्टर दिसलं. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत अर्धी पानं कोरी. नुसते आकडे पाहणारा म्हणेल, या तांड्यावरच्या लोकांना लेकरांची पर्वा नाही. पण शेवटी शेऱ्याचा बारीक रकाना होता आणि त्यात तुझं अक्षर: "कारखान्यावर गेले." "घर बंद." "मागच्या डोसला ताप आला, सासू नको म्हणते." "कार्ड पावसात भिजलं." कोऱ्या जागा सारख्याच दिसतात, दुखणी मात्र चार. ऊसतोडीला गेलेल्या बाईला मेसेज पाठवून काय उपयोग? तिला लस कारखान्याच्या तळावरच मिळायला हवी. आणि सासूची भीती डाळीने जाईल असं मला वाटत नाही. तिच्याजवळ कोणीतरी बसायलाच हवं.

तर बाबा, तुमच्या प्रश्नाचं मला आज सुचतं ते उत्तर असं. हजार माणसांतली किती येतील याचा अंदाज बांधता येतो. समोरचं एक माणूस येईल की नाही, हे सांगता येत नाही. अंदाजही नम्रपणे बांधावा लागतो. विद्यापीठांतल्या संशोधकांनी छापलेल्या अशा प्रयोगांत सरासरी ८.७ टक्के-अंकांचा, म्हणजे शंभरामागे जवळपास नऊ माणसांचा, फरक दिसला होता. अमेरिकेत सरकारी कामात लाखो लोकांवर तेच मार्ग वापरले तेव्हा तो १.४ निघाला. फसलेले प्रयोग छापायला कोणी फारसं धावत नाही, हे त्याचं मोठं कारण. तरी मला तो १.४ खरा आणि मोलाचा वाटतो. लाखात ती चौदाशे माणसं होतात.

तुमची दुसरी शंका मनात राहिलीय, की हे सगळं लोकांना फसवायला वापरतात. वापरलंय. फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीच्या हाती गेली असावी, असं खुद्द फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितलं. त्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. मला ते काम करायचं नाही.

आता आईकडे एक मागणं. उन्हाळ्यात प्रबंध लिहायचाय. डोस चुकण्याची कारणं नोंदीत कशी धरावीत, हा विषय मनात आहे. सरकारी रजिस्टरं उपकेंद्रात जमा झाली, पण तुझी स्वतःची निळ्या पुठ्ठ्याची वही घरी आहे, तिच्यातही तू शेरे लिहायचीस. तिचे फोटो मात्र पाठवू नकोस. नावं झाकलीस तरी चाळीस घरांच्या तांड्यावर लेकराचं वय आणि सासूचं म्हणणं एवढ्यावरून घर ओळखू येतं. मला फक्त मोजणी हवी: कोणत्या महिन्यात कोणतं कारण किती वेळा आलं. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, बाबा तिकिटांचा हिशेब करायचे तशी. तेही विद्यापीठाच्या समितीची परवानगी आल्यावर. आली की कळवते.

तोवर वही तेवढी माळ्यावरून काढून घे, वाळवी लागली असेल तर उन्हात ठेव. बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस. शेजारच्या पोराला हाक मार.

तुमची लेक