पैदाशीचा बोकड निवडण्याआधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ते एकटं जन्मलेलं काळं करडू पैदाशीला ठेवायचं म्हणताय, त्याआधी एवढं वाचा. करडू अंगाने भरलंय हे खरं. पण ते एकटं आहे, वर तिसऱ्या वेताचं, म्हणजे आईचं सगळं दूध त्यालाच. तो जोर पुढच्या पिढीत उतरत नाही. पहिलारू शेळीचं जुळ्यातलं करडू हडकुळं दिसलं तरी रक्ताने सरस असू शकतं. आपली उस्मानाबादी जात तर जुळ्यांसाठीच नावाजलेली. दरवेळी एकटंच करडू निवडत गेलो, तर हा गुण हळूहळू हातचा जाईल.

म्हणून नजरेवर जाऊ नका, काटा लावा. जन्मल्या दिवशी एकदा, आणि तीन महिन्यांच्या सुमारास एकदा सकाळी दूध पाजण्याआधी, झोळीत घालून ताणकाट्याला लटकवायचं. नेमका ९० वा दिवस साधला नाही तरी चालतं. आजच्या वजनातून जन्माचं वजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, ९० ने गुणा आणि जन्माचं वजन परत मिळवा. जन्माला २.२ किलो आणि १०० व्या दिवशी ११.२ किलो भरलं, तर रोजची वाढ ९० ग्रॅम आणि ९० दिवसांचं वजन १०.३ किलो. मग नराची तुलना नराशी, जुळ्याची जुळ्याशी, तीही एकाच हंगामातल्या करडांत. दिवाळीच्या करडाच्या आईला हिरवा पाला मिळालेला असतो, मे महिन्यातल्या करडाची आई कडब्यावर असते.

निवडलेला नर आपल्याच पाठींवर (तरुण माद्यांवर) मात्र सोडू नका. त्या त्याच्या सावत्र बहिणी आहेत. असल्या जोडीची करडं कमी वजनाची होतात, जास्त दगावतात. बाप लेकीवर गेला तर धोका दुप्पट. म्हणून जुना बोकड दोन वर्षांनी बदला, आणि हा नर लांबच्या गावातल्या, नात्यात नसलेल्या बोकडाशी अदलाबदल करून द्या. नर करडं चौथ्या महिन्याच्या आत वेगळी बांधा, ती फार लवकर वयात येतात.

आई, तुझ्या हातातलं काम यापेक्षाही मोठं आहे. पोटातल्या करडाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. तेव्हा गाभण शेळीला मका भरडा आणि शेंगदाणा पेंड मिळून २५० ग्रॅम रोज दे, पण आठवडाभरात हळूहळू वाढवत ने, एकदम दिलं तर पोट बिघडतं. करडाला पहिल्या तासात चीक पाज, वार (व्याल्यावर पडणारा जार) पडायची वाट बघू नकोस. २ किलोच्या करडाला दिवसभरात २०० मिली तरी चीक जायला हवा, तीन-चार वेळा करून. जुळ्यातलं अशक्त करडू आधी सडाला लाव.

पंधरा दिवसांनंतर करडांसाठी वेगळा कोपरा कर, शेळ्यांना शिरता येणार नाही एवढ्या फटीचा. तिथे थोडा भरडा आणि कोवळा शेवरीचा पाला. जमीन कोरडी हवी. ओलीत रक्ती हगवण लागते आणि त्यात खुंटलेली वाढ नंतरच्या खुराकाने सहसा भरून निघत नाही. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस तीन महिन्यांनंतर, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी.

वहीत बिल्ला नंबर, आईचा नंबर, वेत, एकटं की जुळं, जन्मतारीख आणि दोन्ही वजनं लिहा. हगवण लागली असेल तर तेही लिहा, नाहीतर चांगल्या रक्ताचं करडू आजारापायी बाद ठरेल. पानांचे फोटो पाठवा, हिशेब मी करून देते. बोकडाचा सौदा त्यानंतरच करा.

तुमची लेक