तळहात वर करणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

नाव लिहू नका असं तुम्ही परवा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून आतल्या कानात तार बसवायचं ऑपरेशन, झालेली लेकरं आता आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यातल्या एखाद्या घरात आजही कोणी बाप सारख्या पडणाऱ्या पोरीवर ओरडत असेल, "नीट बघून चाल ना!" मी ४ वर्षं ओरडलो.

आमची लेक ७ वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऐकण्याची बेरा टेस्ट, कानामागची मशीनं, मग ३ वर्षांची असताना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उजव्या कानाचं ऑपरेशन. ती धावपळ इथं उगाळत नाही. ऑपरेशनचा मला आजही पश्चात्ताप नाही. मशीन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तिनं कुकरच्या शिट्टीकडे मान वळवली, तेव्हा तिची आई ओट्याला धरून रडली होती. ते ज्यांच्यामुळे झालं त्यांचे उपकार आहेतच.

पण पोर पडायची. माझी आई सगळ्यांच्या आधी म्हणाली, "पोट्टी काऊन पडते रे सारखी?" जिन्यात पडायची, लग्नाच्या मांडवात गालिच्यावर पडायची, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरलेल्या गाद्यांवरून चालताना पडायची. कपाळाला २ टाके पडले. पडली की आधी रक्त बघायचं की डोक्याला चिकटवलेली मशीनची कॉइल बघायची, हेच कळायचं नाही. डोक्यात एवढी मोलाची वस्तू बसवलेली.

विचारलं नाही असं नाही. एका मोठ्या दवाखान्यात कागदावरून नजर न उचलता उत्तर मिळालं, "लहान मुलं पडतातच." दुसऱ्यांनी कॅल्शियमचं औषध लिहून दिलं. तिसरे म्हणाले, "तुम्हीच लाडावून ठेवलीय." शाळेत १५ ऑगस्टच्या कवायतीतून तिला बाजूला बसवलं, कारण रांग बिघडते म्हणे. दर मॅपिंगला, म्हणजे मशीनचा आवाज जुळवून घ्यायला, आम्ही हजर असायचो. किती ऐकू येतं, किती शब्द आले, यावर तास तास बोलणं व्हायचं. जरा चालून दाखव बेटा, असं तिला कोणीही म्हटलं नाही.

तुमच्याकडे आलो तेसुद्धा आईच्या गुडघ्यांच्या व्यायामासाठी. लेक नुसती सोबत होती. तुम्ही आईचा पाय हातात धरला होता आणि पाहत होतात मात्र हिच्याकडे. पाय फाकवून, भिंतीला बोटं घासत ती पाण्याच्या माठाकडे चालली होती. आईला दोन मिनिटं थांबायला सांगून तुम्ही उठलात, हिच्या उजव्या बाजूला फरशीवर बसलात, तुमचं तोंड तिला दिसेल असं. आणि विचारलंत, "तुला पडायला कधी होतं गं?"

मी सवयीनं उत्तर द्यायला लागलो. तिच्या वतीनं बोलायची सवय ७ वर्षांची. तुम्ही माझ्याकडे न बघता तळहात वर केलात. थांबा, एवढंच.

ताई, त्या तळहातासाठी हे पत्र आहे.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर बाकावर पेशंट बसलेले, माझी आई चुळबुळ करतेय, आणि तुम्ही फरशीवर निवांत, जणू दिवसभरात दुसरं कामच नाही. हिला शब्द जुळवायला वेळ लागतो. ती एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. खरंच मलाच विचारतायत का, असं तिच्या डोळ्यांत होतं. मग म्हणाली, "अंधारात. अंधारात जमीन जाते."

जमीन जाते. ४ वर्षं हे तिच्यापाशी होतं. आम्ही कोणी मागितलंच नव्हतं.

पुढे तुम्ही मला जे समजावलं ते इतरांसाठी माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर सांगा. आतल्या कानात ऐकण्याचा तो शंख असतो, आणि त्याला लागूनच तोल सांभाळणारी यंत्रणा: तीन अर्धगोल नळ्या आणि दोन बारक्या पिशव्या. मान वळली, शरीर झुकलं, वर-खाली झालं की तिथून मेंदूला खबर जाते. शंखात आणि या भागात पातळ द्रव एकच खेळतो. म्हणून जन्मतः ऐकू न येणाऱ्या बऱ्याच मुलांचा तोलही मुळातच कच्चा असतो. आमची लेक मान धरायला उशिरा लागली, २२ महिन्यांची झाल्यावर चालली. ऐकू येत नाही म्हणून उशीर, असं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं. त्यात इम्प्लांटची तार शंखात जाते, तेव्हा शेजारच्या पिशवीला धक्का बसू शकतो. काहींना काही दिवस गरगरतं आणि थांबतं, काहींचा तोल कमी होतो तो तसाच राहतो. अशी मुलं मग डोळ्यांच्या आणि पायांच्या भरवशावर उभी राहतात. दिवा गेला की डोळे गेले, गादी मऊ लागली की पायही गेले.

कॅमेऱ्याचा चष्मा लावून, मान झटकन वळवून तोलाची तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांच्या बाजू कमजोर निघाल्या. यातलं आधीचं किती, ऑपरेशननंतरचं किती, हे मी तुम्हाला तीनदा विचारलं. तुम्ही कोणावर ढकललं नाही. आधी तपासलं असतं तरच सांगता आलं असतं, म्हणालात. माझी तक्रारही तेवढीच आहे. ऑपरेशनआधी इतक्या तपासण्या झाल्या, त्यात ही एक का नव्हती? निदान असं होऊ शकतं, एवढं तरी कोणी सांगायला हवं होतं. चालत्या ऑटोतून दुकानांच्या पाट्या वाच म्हटलं की ही तोंड फिरवायची. मी तिला आळशी म्हणायचो. डोकं हललं की तिच्यासाठी अक्षरंही हलायची, हे तुमच्याकडे कळलं.

व्यायाम दिलेत तेही घरातलेच. फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावून चालायचं. घडी घातलेल्या गादीवर उभं राहून चेंडू झेलायचा. भिंतीवरच्या चित्रावर नजर ठेवून मान हलवायची. आईचे गुडघे आणि नातीचा तोल, दोघींचा व्यायाम रोज सकाळी एकत्र चालतो. डोळे उघडे ठेवून एका पायावर ती आधी ३ सेकंद उभी राहायची, आता ११. डोळे मिटून अजून जमत नाही. पूर्ण भरून येईलच असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, मेंदू दुसऱ्या वाटा शोधतो एवढंच म्हणालात. खोटा धीर दिला नाहीत म्हणून तुमच्यावर जास्त विश्वास बसला. खोलीत झिरोचा बल्ब लावला, जिन्याला कठडा केला, आणि पाण्यात तिला एकटं सोडत नाही. पाण्याखाली वर कुठे नि खाली कुठे हे अशा मुलांना कळेनासं होऊ शकतं, हे तुम्ही सांगितलं नसतं तर या उन्हाळ्यात मी तिला पोहायच्या क्लासला घालणार होतो. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

शिकलेली माणसं या शहरात खूप भेटली मला. हुशारीला कमी नव्हती. पण ७ वर्षांच्या पोरीला तिच्याबद्दल विचारावं आणि ती बोलेपर्यंत गप्प बसावं, हे करणारं माणूस एकच भेटलं. याला मशीन लागत नाही, पैसा लागत नाही. तरी किती दुर्मीळ झालंय हे! रांगेत नंबर चुकला तर सांगणारा, म्हाताऱ्याला हात देणारा, मुलाशी मुलाच्या उंचीवर येऊन बोलणारा माणूस दिसला की आता मी थांबून बघतो.

एक सांगायचं राहिलं. मागच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात त्या सणाला, गल्लीच्या तोंडाशीच ती लाकडी बैलासकट पडली होती. बैलाचं शिंग मोडलं, ती घरात येऊन बसली आणि पुन्हा बाहेर गेली नाही. बैल माझ्या आजोबांचा. यंदा त्याला नवं शिंग बसवलं. सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक गेली, संध्याकाळी ही नऊवारी नेसून निघाली, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात टॉर्च. मी मागे चालत होतो. चौथ्या घरापुढे रस्त्यावरचे दिवे गेले. मी धावणार तोच तिनं पाय रोवले, टॉर्च जमिनीवर धरला आणि मागे न बघता माझ्यासाठी तळहात वर केला.

थांबा.

मी थांबलो, ताई. दोन घरं तिनं तशीच केली.

बोजाऱ्यात, म्हणजे घरोघरी मिळणाऱ्या खाऊ-भेटीत, १४० रुपये, एक पेन्सिलचा डबा आणि पुष्कळ चॉकलेटं आली. त्यातलं सगळ्यात मोठं तुमच्या नावानं फ्रिजमध्ये ठेवलंय, कोणाला हात लावू देत नाही. गुरुवारी आईला घेऊन येतो, तेव्हा ती स्वतःच देणार आहे.

तुमचा,
एका लेकीचा बाप, नागपूर