पृथ्वी फिरायची थांबली तर हवामानाचं काय? (सुहासला पत्र)

प्रिय सुहास,

तुझा तो भलामोठा मेसेज वाचला. पृथ्वी फिरायची थांबली तर वादळं वाढतील की कमी होतील, पाऊस पडेल का, थंडी कुठे आणि ऊन कुठे, सगळं एका दमात विचारलंयस. फोनवर सांगायला घेतलं तर तू मध्येच दहा फाटे फोडशील, म्हणून लिहूनच पाठवतोय, सावकाश वाच.

आधी तो धाडकन थांबण्याचा प्रकार उरकून टाकू, कारण सगळ्या व्हिडिओंमध्ये तेवढंच दाखवतात. विषुववृत्तावर जमीन ताशी साधारण १६७० किमीने पूर्वेकडे चाललीये आणि हवाही तिच्यासोबतच, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. जमीन एकदम थांबली तरी हवा थोडीच थांबणार, ती त्याच स्पीडने पुढे. समुद्रसपाटीला आवाजाचा वेग ताशी १२३५ किमीच्या आसपास, म्हणजे हा वारा आवाजालाही मागे टाकणार. ६० अंश अक्षांशावर वेग निम्मा, ध्रुवावर शून्य. समुद्राचं पाणी पण तसंच जमिनीवर धावून येणार. पण याला हवामान नाही म्हणत रे, हा अपघात झाला, आणि त्यानंतर पाऊस पडेल का हे विचारायला कोणी उरणार नाही. म्हणून आपण धरून चालू की पृथ्वी हळूहळू, कोणाला धक्का न लागता थांबली.

आता थांबली म्हणजे नेमकं काय, यात दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला, खरोखर थांबली, स्वतःभोवतीचा फेरा शून्य, फक्त सूर्याभोवतीचा चालू. मग एक दिवस म्हणजे अख्खं एक वर्ष, साधारण सहा महिने उजेड आणि सहा महिने अंधार. आणि मजा म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवेल! कारण आकाशात सूर्याची जी काही हालचाल उरेल ती फक्त आपण त्याच्याभोवती फिरतोय त्यामुळे, आणि ती पश्चिमेकडून पूर्वेकडे असते. तारे जागचे हलणारच नाहीत. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किमी, तो वर्षात पुरा व्हायचा म्हणजे उजेड-अंधाराची सीमा रोज ११० किमी सरकणार, तासाला साडेचार किमीच्या थोडं वर. म्हणजे माणूस न थांबता चालत राहिला तर कायम संध्याकाळीतच राहू शकेल. मला हा आकडा फार आवडतो.

दुसरा प्रकार, चंद्राची जशी एकच बाजू आपल्याकडे असते तशी पृथ्वीची एकच बाजू कायम सूर्याकडे. त्यासाठी तिला वर्षात एक फेरा मारावाच लागेल, म्हणजे ही पूर्ण थांबलेली नाही, पण हवेच्या दृष्टीने थांबल्यातच जमा.

ध्रुवावरच्या माणसाला मात्र पहिल्या प्रकारात काय बदललं ते कळणारही नाही, त्याच्याकडे आजही सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्रच असते. आणि तिथली हवा बघितली की लांब रात्र काय करते हे कळतं. अंटार्क्टिकावर वोस्तोक स्टेशनला २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश सेल्सिअस मोजलंय. ते ठिकाण उंचावर आहे, बर्फावर आहे हे मान्य, पण मुख्य कारण एवढंच की महिनोन् महिने सूर्य नाही आणि जमीन आपली उष्णता वर आकाशात सोडत बसलीये.

पण तू ज्यावर अडलायस ते थंडी-ऊन नाही, वादळं. आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. लोकांना वाटतं फिरण्यामुळे वारा सुटतो. तसं नाही. वारा सुटतो तो एकीकडे जास्त तापतं आणि एकीकडे कमी तापतं म्हणून, पृथ्वी थांबली तरी तो सुटणारच. फिरण्यामुळे वारा *वळतो*, आणि वळल्यामुळे कमी दाबाची जागा टिकून राहते.

नीट सांगतो. फिरत्या चक्रावर बसून समोरच्याला सरळ चेंडू टाकला तर तो त्याच्या बाजूने निघून जातो ना, तसंच उत्तर गोलार्धात वाहणारी हवा उजवीकडे वळते आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे. फिरणाऱ्या यंत्रांच्या संदर्भात या वळण्याचं गणित १८३५ मध्ये कोरिऑलिस नावाच्या फ्रेंच माणसाने मांडलं, नाव त्याचंच लागलं. आता कुठेतरी कमी दाब तयार झाला. चारी बाजूंनी हवा तिकडे धावते, पण वळत वळत जाते, आणि शेवटी आत घुसायच्या ऐवजी त्या जागेभोवती गोल फिरत बसते. त्यामुळे हा कमी दाबाचा खड्डा भरतच नाही, चार-चार, आठ-आठ दिवस तसाच राहतो, पुढे सरकतो, आपल्याबरोबर ढग आणि पाऊस घेऊन जातो. आपण ज्याला हवामान म्हणतो, म्हणजे आज ढगाळ, परवा पाऊस, मग उघडीप, त्यातलं बरंचसं हे असे न भरलेले खड्डेच आहेत.

फिरणं काढून टाक. हवा सरळ कमी दाबात शिरणार आणि तो बघता बघता भरून जाणार. चक्रीवादळ नाही, समशीतोष्ण भागातली ती मोठमोठी आवर्तं नाहीत, सॅटेलाइटच्या फोटोत दिसणारे ढगांचे स्वल्पविराम नाहीत. तुला वाटत होतं वादळं वाढतील, तर हे बरोबर उलटं आहे.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही, याचा नमुना आत्ताही पृथ्वीवर आहे. विषुववृत्तावर हे वळवणारं बल शून्य असतं. म्हणून विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळं बनत नाहीत, समुद्र कितीही गरम असू दे. अपवाद फार थोडे, डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ वामेई नावाचं एक टायफून (तिकडे चक्रीवादळाला हेच म्हणतात) जेमतेम दीड अंशावर तयार झालं तेव्हा सगळे चकित झाले होते. तिथे रोजचा पाऊस, विजा, गडगडाट भरपूर, पण दाबाचा नकाशा अगदी सपाट, त्यावरून उद्याचा अंदाज सांगायला गेलं तर हाती काही लागत नाही. थांबलेली पृथ्वी म्हणजे बरीचशी अशीच. गारा पडतील, वीज पडेल, ढगफुटी होईल, पण दूरवरून प्रवास करत येणारी मोठी सिस्टीम येणार नाही. (बेसिनमधलं पाणी कुठल्या बाजूने फिरतं ते मात्र परत विचारू नकोस, एवढ्याशा पाण्यावर या बलाचा परिणाम जवळपास नसतोच, नळाच्या धारेने पाणी जिकडे ढवळलं तिकडे ते फिरतं.)

वरचे मोठे वारेही जातील. १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली नावाच्या इंग्रज माणसाने व्यापारी वारे (दोन्ही बाजूंनी विषुववृत्ताकडे कायम वाहणारे) तिरके का वाहतात ते पृथ्वीच्या फिरण्यावरून सांगितलं, तेव्हा त्याची कल्पना अशी होती की विषुववृत्तावर हवा वर चढते, थेट ध्रुवापर्यंत जाते आणि खालून परत येते. प्रत्यक्षात ती ३० अंशांच्या आसपासच खाली उतरते, कारण एवढी वेगाने फिरणारी पृथ्वी तिला पुढे जाऊच देत नाही. जिथे ती कोरडी होऊन उतरते तिथे सहारा आणि अरबस्तानची वाळवंटं. फिरणं थांबलं की हे पट्टे मोडले. मग एकच प्रचंड चक्र राहणार: उजेडाच्या मधोमध हवा वर, उंचावरून अंधाराच्या बाजूला, तिथे खाली, आणि जमिनीलगत गार वारा परत उजेडाकडे. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा तो वेगवान वाऱ्याचा पट्टा, तीही गेली. ती जपानच्या वासाबुरो ओइशीने १९२० च्या दशकात फुगे सोडून शोधली होती, आणि रिपोर्ट छापला एस्परांटो भाषेत, त्यामुळे जगात फारसा कोणी वाचलाच नाही, हे आपलं जाता जाता.

उजेडाची बाजू भाजून निघेल का? जिथे जमीन आत लांबवर कोरडी आहे तिथे हो, भयंकर. पण समुद्रावर गंमत वेगळी. सूर्य डोक्यावर ठाण मांडून बसला की तिथेच अखंड बाष्प वर चढणार, ढग धरणार, आणि ते जाड पांढरे ढग ऊन परत फेकणार. दूरच्या ग्रहांसाठी केलेल्या कॉम्प्युटर मॉडेल्समध्ये असा ढगांचा पडदा २०१३ मध्ये दिसला, आणि ग्रह जितका सावकाश फिरेल तितका तो पडदा दाट. म्हणजे सगळ्यात जास्त ऊन जिथे पडायला हवं तिथेच कायम आभाळ आणि मुसळधार पाऊस. खारे वारे दुपारपुरते न राहता महिनोन् महिने एकाच दिशेने वाहतील, मतलई वाऱ्यांची पाळी लांबलेल्या रात्रीत. अंधाराच्या बाजूला जे बाष्प पोचेल ते बर्फ होऊन पडेल. पहिल्या प्रकारात ते सहा महिन्यांनी वितळून पहाटेबरोबर पूर येतील असा माझा अंदाज, दुसऱ्या प्रकारात वितळायचा प्रश्नच नाही, हळूहळू पाणी तिकडे अडकत जाणार.

शुक्र बघ. त्याला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात, पण त्याची हवा इतकी जाड आहे की दिवसा काय आणि रात्री काय, जमिनीवर तेच ४६५ अंशांच्या आसपास. उलट बुधाला हवाच नाही म्हणण्याइतकी, तर तिथे दिवसा ४३० आणि रात्री उणे १८०. आपण या दोघांच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे वर उंचावर दिवसाच्या आणि रात्रीच्या बाजूत फारसा फरक नाही, पण जमिनीलगत रात्रीच्या बाजूला कडाक्याची थंडी साचून राहणार, कारण गार हवा जड, ती खालीच बसते.

समुद्राचंही थोडक्यात सांगतो. फिरण्यामुळे पृथ्वी मधे फुगलेली आहे, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवापेक्षा २१ किमीने जास्त. फिरणं गेलं की पाणी ध्रुवांकडे सरकेल, तिथे दोन महासागर आणि मधे जमिनीचा पट्टा. मग वर मी जे ढगांच्या पडद्याचं लिहिलं त्याला विषुववृत्ताजवळ पाणीच कमी मिळेल, म्हणजे ते चित्रही बदलतं. इथे तू नक्की वाद घालशील, घाल.

बाकी खरी पृथ्वी मंदावतेच आहे, पण चंद्राच्या भरती-ओहोटीमुळे, शंभर वर्षांत दिवस साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या बारीक रेघा (रोजच्या वाढीची एक) मोजून १९६३ मध्ये जॉन वेल्स नावाच्या संशोधकाने सांगितलं की तेव्हा वर्षात ४०० च्या आसपास दिवस होते. आणि उलटंही होतं बरं का, वाऱ्यामुळे पृथ्वीचा वेग बदलतो. एल निनोच्या काळात, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तेव्हा, वरचे पश्चिमी वारे जोर धरतात आणि तो जोर पृथ्वीकडूनच उसना घेतलेला असतो, आणि दिवस मिलिसेकंदाच्या काही भागाने लांबतो. हे मोजता येतं, मोजतात.

शेवटी तू विचारलंयस की उलटी फिरली तर. ते मॉडेल जर्मनीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये चालवून बघितलंय. सहारा हिरवा होतो, आणि वाळवंटं ब्राझीलकडे आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात जातात. का, ते आधी तू सांग. हिंट देतो: व्यापारी वारे आणि समुद्राचे गरम प्रवाह खंडांच्या कुठल्या किनाऱ्याला लागतील ते नकाशा घेऊन बघ. उत्तर फोनवर नको, लिहून पाठव.

तुझा,
सम्या