पंचगंगेच्या तळातला गाळ कधी तपासणार? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातला, पंचगंगाकाठचा शेतकरी. या आठवड्यात आमच्या बंधाऱ्यावर पुन्हा मेलेल्या माशांचा खच पडला. मागच्या वेळी असंच झालं तेव्हा गावात आलेल्या एका साहेबांनी सगळ्यांसमक्ष शब्द दिला होता की पाण्याबरोबर तळातला गाळही तपासू. यंदा माणसं आली, बाटल्यांत पाणी भरलं आणि गेली. गाळाला कुणी हात लावला नाही.

कापडाची रंगाई आणि प्लेटिंग (धातूचा मुलामा) करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून क्रोमियम, निकेल, शिसं, कॅडमियम येऊ शकतं. हे धातू कुजत नाहीत. बारीक मातीला चिकटून तळाशी बसतात. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं, गाळ साचतच जातो. पाण्यातला प्राणवायू संपला की त्यातला काही धातू पुन्हा पाण्यात सुटतो. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आणि कॅडमियम ०.००३ च्या वर चालत नाही, हे सरकारच्याच मानकात आहे. मग गाळात काय आहे हे कोण सांगणार?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात हाच गाळ माझ्या रानात आला, घरात आला. उभा ऊस कुजला. बायकोनं आणि मी हातांनी घमेली भरभरून तो उपसला, त्यानंतर कितीतरी दिवस हातापायांची खाज गेली नाही. वडिलांच्या काळी पुराची मळी रानात बसली की माणसं खूश व्हायची. आज त्याच मळीत मी वैरण करतो, ती म्हशीला घालतो आणि दूध नातीला देतो. त्या लेकराच्या पोटात काय जातंय, साहेब?

जपाननं मिनामाताच्या उपसागरातला पारा मिसळलेला गाळ काढायला १९७७ साली सुरुवात केली, १९९० पर्यंत ते काम चाललं. तोवर माणसं मेली होती, मुलं अपंग जन्मली होती. आपला पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. पन्नास वर्षं झाली. माझी घरपट्टी थकली तर नोटीस दारात येते, आणि रात्री नदीत सांडपाणी सोडणारा मात्र कुणाला सापडत नाही. मासे मेले की पंचनामा, पाऊस पडला की फाईल बंद. हे राज्य नक्की कुणासाठी चालतं?

बरगे निघायच्या आत प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत प्रत्येक बंधाऱ्यामागचा गाळ गावकऱ्यांसमोर काढा, तपासा आणि आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

आपला,
शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी