नाना, माझ्या किल्ल्याला तुम्ही लोणा लावलात

नाना मिस्तरी यांस,
सा. न.

मृगाच्या आधी तुम्ही आमच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, खारी माती टाकायला आलात, तेव्हा मी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. पाटी खाली ठेवून तुम्ही विचारलंत, "काय करी ऱ्हायना भाऊ?" मी पडद्यावर रचत असलेला किल्ला दाखवला. तुम्ही बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, "माटी वरथीन नही, पायथीन मरस."

त्या वाक्याचे आभार मानायला हे पत्र.

तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं, ते आता सांगतो. 'युमे निक्की' नावाचा एक जपानी गेम आहे, 2004 सालचा. किकियामा या टोपणनावाच्या माणसाने तो केला आणि फुकट वाटला. खोलीबाहेर पडायला तयार नसलेली एक मुलगी त्यात झोपते आणि स्वप्नांमधून एकटीच भटकते. संवाद जवळजवळ नाहीत, जिंकणं-हरणं नाही. जागं व्हायचं तर ती स्वतःचा गाल चिमटते. त्या गेमवर जीव जडलेल्या लोकांनी आपापली स्वप्नं रचली. 'युमे 2क्की' तर कित्येक हातांनी मिळून वाढवलेला. मीही माझं एक स्वप्न रचत होतो, वाळवंटातल्या मातीच्या किल्ल्याचं.

तो किल्ला खरा आहे. उझबेकिस्तानात, किझिलकुम वाळवंटाच्या काठावर, जुन्या ख्वारज्म देशाचे मातीचे कोट उभे आहेत. त्या भागाला एल्लिक-काला म्हणतात, म्हणजे पन्नास किल्ले. त्यातला आयाज-काला टेकडीवर आहे, इसवी सनापूर्वीच्या 4थ्या-3ऱ्या शतकातला, आणि त्याच्या भिंती काही ठिकाणी अजून 10 मीटर उंच आहेत. दुसरा तोप्राक-काला, तोप्राक म्हणजेच माती. फोटो बघून बघून मी 16 बाय 16 ठिपक्यांचे तुकडे रंगवले, बुरुजांची टोकं झिजवली. तरी किल्ला पुठ्ठ्याचा वाटायचा. का, ते कळत नव्हतं.

तुम्ही काम संपवून मला गावातल्या पडक्या गढीपाशी नेलंत. भर दुपार, अंगाची लाही होत होती. भिंत वर शाबूत, पण जमिनीपासून वीतभर उंचीवर आत खाल्लेली, उंदराने भाकरी कुरतडावी तशी. तिथे पांढरी पूड आली होती, हाच लोणा. तुम्ही चिमूटभर जिभेला लावलीत, मलाही लावायला सांगितलंत. खारट! जमिनीतली ओल मीठ घेऊन भिंतीत चढते, पाणी उडून जातं, मीठ मागे राहून फुगतं आणि माती भुगा होऊन गळते. मग पाय तुटलेली भिंत एके दिवशी आख्खी बसते. जी खारी धाब्यावर पाणी अडवते तिच्यात असतं तसलंच मीठ पायाशी भिंतीला खातं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. मी या मातीच्या घरात जन्मलोय, तरी.

घरी येऊन पुन्हा फोटो उघडले. ख्वारज्मच्या भिंतींनाही पायाशी तशीच खाच! आसपास कापसाच्या शेतीला पाणी मिळालं, जमिनीतली ओल वर आली, आणि तिथल्या पायांनाही लोणा लागला. इतके दिवस मी फक्त वरचे बुरुज बघत होतो.

नाना, मी सगळ्या भिंती पुन्हा काढल्या. आता ती मुलगी कोटाच्या कडेने चालते तेव्हा पायाशी पांढरी रेघ दिसते, आणि एका ठिकाणी खाच इतकी खोल आहे की ती वाकून आत शिरू शकते. तिथून माझं स्वप्न सुरू होतं.

अजून एक. ख्वारज्मच्या कच्च्या विटांवर घडवणाऱ्यांच्या खुणा सापडतात. तुम्ही गिलावा संपवून ओल्या कोपऱ्यात तीन बोटं दाबता ना, ती तीन बोटं मी त्या खाचेतल्या एका विटेवर काढली आहेत. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लॅपटॉप घेऊन येतो, बघा जमलीत का. आणि यंदा खारी टाकाल तेव्हा पाट्या मी चढवीन.

तुमचा,
ओट्यावरचा भाऊ