काकू, तुमचा डबा अजून आमच्याकडेच आहे

काकू, नमस्कार.

पुण्याला मुलाकडे जाताना तुमची घाई होती, नीट बोलणं झालंच नाही. शिवाय तोंडावर आभार मानले असते तर 'चल, काहीतरीच तुझं' म्हणून उडवून लावलं असतंत. म्हणून चार लोकांसमोर लिहितेय.

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात तेव्हा चौघांची चार जेवणं व्हायची. ह्यांची अंबडला तीन पाळ्यांची नोकरी; आठवडा बदलला की घराचं घड्याळच फिरायचं. लेक ताट घेऊन पलंगावर, धाकटा टीव्हीपुढे, मी ओट्याशी उभ्या उभ्या. भाजी तीनदा गरम करायची आणि तीनदा ओरडायचं. ते खाली तुम्हाला ऐकू जायचं, हे ठाऊक होतं मला.

एक दिवस स्टीलच्या डब्यात शंकरपाळे घेऊन तुम्ही वर आलात. वाटलं, आता उपदेश. तुम्ही काढलंत पंचवटीतलं माहेर, १९६९चा महापूर. गोदावरीला पाणी चढलं की आजही नाशिककर पात्रातल्या मूर्तीवरून एकच विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? "मारुती जागचा हलत नाही म्हणून माप कळतं. तुझ्या घरात न हलणारं काय आहे गं?"

मला काही सुचेना.

शंकरपाळे दोन दिवसांत संपले आणि नियम ठरला: दिवसातलं एक खाणं चौघांनी एकत्र, तेवढा वेळ सगळ्यांचे फोन त्या डब्यात. ह्यांची दुसरी पाळी असली तर रात्रीच्या जेवणाऐवजी सकाळचे पोहे. जो मोडेल त्यानं रात्री सगळ्यांची अंथरुणं घालायची.

तिसऱ्याच दिवशी मोडला तो मी. बहिणीचा फोन आला, डब्याचं झाकण थरथरायला लागलं. मी उठून घेतलाच. धाकट्यानं नुसतं बोट दाखवलं, तर त्याच्यावरच डाफरले, मोठ्यांना कामं असतात म्हणून. जिन्यात तुम्हाला सांगितलं, वाटलं तुम्ही तरी माझी बाजू घ्याल. तुम्ही म्हणालात, "अंथरुणं घातलीस का?"

घातली. धाकट्यानं उशीसुद्धा झटकून मागितली!

राग आला होता तुमचा, खोटं कशाला सांगू. पण आभार मानायचेत ते त्याचेच. त्या रात्रीपासून मुलांच्या लेखी तो 'आईचा नियम' राहिला नाही.

बाकी घर काही फार सुधारलेलं नाही. चपला दारात तशाच पसरलेल्या असतात, आणि भेंडीवरून लेकीशी वाद चालूच आहे. परवा ह्यांची रात्रपाळी होती, फोन कानाला लावूनच पाटावर बसले. लेक काही बोलली नाही. डबा पुढे सरकवला आणि झाकण उघडून धरलं. "नंतर करतो रे," म्हणत ह्यांनी निमूट फोन आत टाकला.

डबा तुमचा आहे, परत द्यायचा राहिलाय. इतक्यात मागू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची